नातीला बघायचा अर्ज

वकिलाच्या अंगाला किस्से चिकटतातच. दिवसभर भांडणारी माणसं समोर येणार, त्यांच्या वतीनं आम्ही काळे कोट घालून आणखी भांडणार, आणि मधल्या सुट्टीत बाररूममध्ये चहा पिताना सगळं एकमेकांना सांगणार. तीस-पस्तीस वर्षांत इतके साठले, की लग्नाच्या पंगतीत लोक मला मुद्दाम शेजारी बसवून घेतात. "वकीलसाहेब, तो फितूर साक्षीदाराचा सांगा की." मी सांगतो, लोक हसतात, जिलबी वाढणारा दोनदा येतो.

पण ते सगळे दुसऱ्यांच्या फजितीचे. एक केस अशी आहे की तिच्या एकटीचेच सहा-सात किस्से आहेत आणि प्रत्येकात गाढव मी आहे. नुसता गाढव असतो तरी चाललं असतं. ते मी आजवर पंगतीत कधी सांगितले नाहीत. तुम्ही घरचेच आहात, सांगून टाकतो.

बाहत्तरचा दुष्काळ सरून एक-दोन वर्षं झाली असतील. मी सांगलीत बापूसाहेबांकडे ज्युनिअर होतो. बापूसाहेब म्हणजे दिवाणी कामातलं मोठं नाव. मला सनद मिळून दीड वर्ष झालेलं. कोट नवा, अक्कल त्याहून नवी.

*

एक दिवस उंब्रजचे ज्ञानूआबा ऑफिसात आले. धोतर, पटका, हातात कापडी पिशवी. खुर्ची दाखवली तरी टेकल्यासारखेच बसले.

त्यांचा एकुलता एक मुलगा मिलिटरीत होता. डोंगरात ट्रक दरीत गेला आणि त्यात तो गेला. सून सुमन, लहान लेकराला घेऊन माहेरी कवठे महांकाळला गेली. पहिलं वर्ष जाणं-येणं होतं. यात्रेला लेकरू आठ दिवस उंब्रजला राहून गेलं. मग वर्षश्राद्धाला सुमनचा भाऊ शंकर आला होता, त्याला कुणी नीट 'बसा' म्हटलं नाही, यावरून शब्दाला शब्द लागला. तेव्हापासून आठ महिने येणं बंद.

आबा म्हणाले, "मला दुसरं कायबी नगं, साहेब. आमच्या लेकाचं मागं तेवढंच ऱ्हायलंय. त्या लेकराचं तोंड बघायचंय. त्याला काय कायदा हाय का न्हाई?"

मी लगेच कपाटातून पुस्तक काढलं. पाळक नेमायचा कायदा वाचला आणि जणू काही शोध लावल्यासारखं सांगितलं, की आजा-आजीनं नातवंडाला बघावं असं कलमच नाही. बापाचा हक्क आहे, आईचा आहे, आजोबाचा नुसतं बघण्याचा हक्क कुठंही नाही. आबांनी पुस्तकाकडे बघितलं. एवढ्या जाड पुस्तकात ते नाही म्हणजे काय, असं त्यांच्या चेहऱ्यावर होतं.

बापूसाहेबांनी पान चघळत तोडगा दिला. "बघायचा अर्ज नसतो हो. ताबा मागायचा. ताबा देत नाहीत, पण मग तडजोडीत भेट मिळते."

आमच्या धंद्याची रीतच ती. हवं असेल हातभर तर मागायचं वावभर. मी रात्रंदिवस एक करून झकास अर्ज लिहिला. आई अज्ञान मुलाची नीट देखभाल करीत नाही, खाण्यापिण्याची आबाळ होते, मुलाच्या हिताच्या दृष्टीने ताबा अर्जदारास मिळावा. यातलं आबा एक अक्षर बोलले नव्हते. उलट सुमन लय गुणाची, असंच म्हणाले होते.

वाचून दाखवल्यावर त्यांनी विचारलं,

"असं लिवावंच लागतं का?"

"लिहावंच लागतं, आबा."

"मग लिवा," म्हणाले आणि सही केली. सही करताना मान वर केली नाही.

*

पहिल्या तारखेला समोरचे वकील उठले. म्हणाले, "साहेब, अर्जात सहा ठिकाणी 'नातू' लिहिलंय. आमच्या पक्षकाराला मुलगा नाहीच. मुलगी आहे."

कोर्टात हशा. जज्जसाहेबांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. मी आबांकडे बघितलं. आबा कोपऱ्यात हात बांधून उभे.

बाहेर आल्यावर मी त्यांच्यावर उखडलो. "आबा, तुम्ही लेकरू लेकरू म्हणत होता. मुलगी आहे हे सांगायचं नाही?"

"लेकरूच हाय की ती. मंगी."

"अहो, पण मी सगळा अर्ज वाचून दाखवला. तेव्हा तरी बोलायचं!"

आबा म्हणाले, "मला वाटलं, पोरीसाठी कोर्टात अर्ज चालत नसंल. म्हून तुमी पोरगा क्येला."

बाररूममध्ये हा किस्सा महिनाभर चालला. येईल तो मला विचारायचा, "काय, आज कुणाची पोरगी पोरगा केलीस?" मीही हसत होतो. मला तो आबांचा किस्सा वाटायचा. मुलगी की मुलगा हे मी विचारलंच नव्हतं, कारण मुलीसाठी कोणी उंब्रजहून सांगलीला खेटे घालील हे माझ्या शिकल्या-सवरल्या डोक्यात आलंच नव्हतं. हे कळायला पुष्कळ दिवस लागले.

*

दुसऱ्या तारखेला सुमन आली. पोरीला कडेवर घट्ट धरलेलं, वरून पदर. कोर्टाची नोटीस कवठे महांकाळला पोचल्यापासून तिनं पोरीला दाराबाहेर सोडलं नव्हतं म्हणे.

व्हरांड्यात ती सरळ सासऱ्यासमोर येऊन उभी राहिली. शंकर मागून ओढत होता, तिनं हात झटकला.

"मामा, मी हिला उपाशी ठेवते व्हय?"

आबांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"दादाचा राग निवला की यात्रेला आणणारच हुते मी. तुमी एक कार्ड टाकलं असतं तरी आले असते. माझ्यापास्नं लेकरू काढून न्यायला निगाला तुमी?"

आबांनी माझ्याकडे बघितलं. हे या पोरानं लिहिलंय, असं ते सहज म्हणू शकले असते. म्हणाले नाहीत. सगळं अंगावर घेऊन मान खाली घालून उभे राहिले. आणि मी? मी फाईलमधले कागद लावत होतो. ते आधीच लावलेले होते.

*

पुढं बापूसाहेब म्हणाले होते तसंच झालं. ताबा आईकडे राहिला आणि तडजोडीचा हुकूम झाला. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी, अकरा ते एक, कोर्टातल्या वकिलांच्या खोलीत अर्जदाराने अज्ञान मुलीस भेटावे. बापूसाहेबांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "मिळालं की नाही?" महिन्यातून दोन तास, उंब्रजहून एसटीनं कराड, कराडहून सांगली. मिळालं खरं.

मी आबांना समोर बसवून हुकूम समजावून सांगितला. आवाज जरा जड काढून म्हणालो, "हुकूम म्हणजे हुकूम, आबा. यातला एक शब्द जरी मोडला तरी रद्द होईल." असं कुठल्याही पुस्तकात नाही. वजन पडावं म्हणून मीच ठोकून दिलं.

एप्रिलच्या पहिल्या शनिवारी शंकर मंगीला घेऊन आला. सुमन आली नव्हती. आबा आले, त्यांच्या मागोमाग एक म्हातारी, नऊवारी लुगडं, काखेत गाठोडं. आबा आत शिरले, तशी तीही शिरायला लागली. मी दारात हात आडवा घातला.

"फक्त अर्जदार आत."

आबा वळले, काहीतरी बोलायला लागले. मी हातातल्या कागदावर बोट आपटलं. तेवढ्यात म्हातारीच म्हणाली, "जावा तुमी. हुकूम मोडायचा न्हाई." आणि जाऊन बाहेर लिंबाखाली बसली.

मला वाटलं, असेल शेजारपाजारची, सांगलीचा बाजार करायला सोबत आलेली. मी विचारलं नाही. आत गेल्यावर नियम कसा पाळायला लावला, म्हणून मलाच बरं वाटत होतं.

*

मे महिन्यात कोर्टाला सुट्टी. सगळ्या वकिलांना माहीत, समोरच्या वकिलांनी शंकरला सांगितलं, आबांना सांगायचं मी विसरलो. मी सासुरवाडीला आंबे खात होतो.

जूनमध्ये आलो तर कोर्टासमोरचा चहावाला म्हणाला, "साहेब, तुमचं म्हातारा-म्हातारी आलं हुतं." पायरीवर अकराला बसली आणि एकला उठली म्हणे. यानं दोनदा जाऊन सांगितलं, की बाबांनो, कुलूप आहे, आज कोणी येणार नाही. तर आबा त्याला म्हणाले, "ते बंद असलं तरी येळ आमची हाय. आमी आलो न्हाई असं कुणी लिवायला नगं."

म्हातारीनं पिशवीभर भाजलेल्या शेंगा चहावाल्याकडे ठेवल्या होत्या, पोरगी आली तर द्यायला. चहावाल्यानं त्या मला दिल्या. मी म्हटलं, पुढच्या शनिवारपर्यंत कशा टिकतील? आणि बाररूममध्ये सगळ्यांनी मिळून खाल्ल्या. उत्तम होत्या, खमंग. हे मी मुद्दाम सांगतोय.

*

भेटी पुढं सुरू राहिल्या. आता वकिलांची खोली म्हणजे काय, तुम्हाला सांगायला नको. कोणी उलटतपासणीची तयारी करतोय, कोणी पक्षकारावर ओरडतोय, कोपऱ्यात टाईपरायटर बडवणं चालूच. मधल्या बाकावर आजा आणि नात. चार वर्षांची पोर सुरुवातीला टेबलाखाली जाऊन बसायची. आबा खाली वाकून तिच्याशी बोलायचे. गाईला कालवड झालीय, तुझ्या बापाचं नाव लिहिलेली ट्रंक अजून तशीच हाय, असलं काहीबाही. हळूहळू ती बाहेर आली. मग मांडीवर आली.

आबांची एकच खोड होती. आले की पहिल्यांदा तो जड बाक ढकलत खिडकीशी न्यायचे आणि मंगीला खिडकीकडे तोंड करून बसवायचे. बाक फरशीवर करकरायचा. दर वेळी वकिलांची कुरकुर. सीनियर माणसं मला सुनवायची. शेवटी एकदा मी आबांना सगळ्यांदेखत बोललो. "आबा, हे काय तुमचं घर आहे का? वारा पाहिजे तर बाहेर जाऊन बसा. जागचा बाक हलवायचा नाही."

"चुकलं, साहेब," म्हणाले. बाक होता तिथं नेऊन ठेवला. त्या दिवशी त्यांनी पोरीला उचलून घेतलं आणि पुरा तासभर खिडकीशी उभे राहिले. सत्तरीचा माणूस. मी म्हटलं, म्हातारा हट्टी आहे.

*

दिवाळीच्या सुमारास एकदा शंकरला ताप होता म्हणून सुमन स्वतः पोरीला घेऊन आली. आली ती पहिल्यांदा माझ्याकडे. जरा अवघडून म्हणाली, "साहेब, एक सांगू का?"

मंगीला बालवाडीत घातलं होतं. बाईंनी सगळ्या पोरांना विचारलं, तुमचे आजी-आजोबा कुठं राहतात? कोणाचे मळ्यात, कोणाचे जतला, कोणाचे शेजारच्या गल्लीत. मंगी उठून म्हणाली, "माझा आजा कोर्टात ऱ्हातो."

बाई चपापल्या. म्हणाल्या, साहेब आहेत का? तर पोर म्हणाली, "न्हाई. त्येला भायेर सोडत न्हाईत."

मी हसलो. हसण्यासारखंच होतं. सुमन हसली नाही. तिचं तोंड एवढंसं झालं होतं.

*

त्यानंतर आठ-दहा दिवसांनी आबा ऑफिसात आले. भेटीचा दिवस नव्हता, एकटेच होते. पुन्हा टेकल्यासारखेच बसले.

"साहेब, एक इचारायचं हुतं. हुकमातलं माझं नाव खोडून हिचं घालता येतंय का?"

"हिचं म्हणजे कोणाचं?"

"मंगीच्या आजीचं. भायेर बसती न्हवं ती. हौसा."

मला क्षणभर समजेना. मग समजलं, आणि कान तापले. दारात आडवा घातलेला हात, एप्रिलपासूनचा लिंब, पावसाळ्यात डोक्यावर घेतलेलं पोतं, सगळं एकदम दिसायला लागलं.

"म्या सा-सात म्हैनं पोटभर बघितली," आबा म्हणाले. "आता ऱ्हायलेलं तिनं बघावं. आमी दोघं जाणं काय हुकमात बसत न्हाई. म्हून माझं खोडा."

मी कसंबसं विचारलं, आजी आहेत तर अर्जाच्या वेळी त्यांचं नाव का नाही सांगितलं? खरं तर विचारायचा मला काय अधिकार होता? अर्जदाराचं नाव, वय, धंदा, हे रकाने मीच भरले होते. पुरुष जिवंत असला की बाईचं नाव घालायचं नाही, ही आमच्या सगळ्यांचीच सवय. घरातली बाई कोर्टात कशाला? तिचं काय वेगळं काळीज असतं का?

आबा एवढंच म्हणाले, "तुमी इचारलं न्हाई." त्यात तक्रार नव्हती. मग म्हणाले, "बाक म्हून खिडकीपाशी घेत हुतो. तिला लिंबाखालनं पोरीचं तोंड दिसायचं."

मी बापूसाहेबांना सांगितलं. ते कशावरही चार वाक्यं बोलणारे, पान थुंकून आले, चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "लिही," म्हणाले. दुसरं काही नाही.

*

मी अर्ज लिहिला. या वेळी ज्ञानूआबांना दहा वेळा विचारून. अर्ज म्हटला की तारखा आल्या. एकदा जज्जसाहेब रजेवर, एकदा समोरचे वकील आजारी. तिसऱ्या तारखेला सुमन आली. सासू आठ-नऊ महिने बाहेर बसत होती, हे तिला त्या दिवशी कळलं; दिवाळीला ती आली तेव्हा हौसाबाई नेमक्या आल्या नव्हत्या. शंकरला ती दिसायची, पण कोर्टाचाच तसा नियम आहे असं त्याला वाटलं, आणि घरी जाऊन तो काही बोलला नव्हता. वकील बोलायच्या आधीच सुमन उभी राहिली आणि म्हणाली, "आत्याबाईंचं नाव घाला, साहेब. आमची हरकत न्हाई." तिला रडू आवरेना. जज्जसाहेबांनी आबांचं नाव न खोडता हौसाबाईंचं नाव घातलं.

फेब्रुवारीतला पहिला शनिवार. सुमन स्वतः मंगीला घेऊन आली होती. मी आबांना म्हटलं, "आता दोघांनी आत यायला हरकत नाही." आबा म्हणाले, "आज तिलाच बघू द्या." आणि जाऊन लिंबाखाली बसले.

हौसाबाईंनी चपला बाहेर काढल्या. मी नको नको म्हणत होतो, त्या ऐकेनात. आत आल्या तशी खोलीतली टाईपरायटरची टकटक थांबली. दोन वकील चहाचे कप घेऊन आपणहून बाहेर गेले. मंगी बाकावर बसली होती, लाल रिबिनी, नवं परकर-पोलकं. हौसाबाई बाकावर बसल्या नाहीत. तिच्यासमोर फरशीवर बसल्या, दोन हात अंतर ठेवून. दोन्ही हात पदरात गुंडाळलेले. बघत राहिल्या. डोळ्यांतून पाणी येत होतं, तेही पुसायला हात बाहेर काढला नाही.

सुमन म्हणाली, "मंगे, ही आजी."

मंगीनं तिला नीट न्याहाळलं. मग बाकावरून उतरली, पुढं आली आणि मनगट समोर केलं. "माझ्या बांगड्या बघ."

हौसाबाईंचा हात पदरातून बाहेर आला. अर्ध्यावर आला आणि थांबला. त्यांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं.

"साहेब," त्या म्हणाल्या, "हुकमात निस्तं बघायचं लिवलंय, का हात लावला तरी चालंल?"

आणि मी खाली वाकलो, फाईलची नाडी सोडली आणि हुकूम वाचायला लागलो.